शेवंताबाईंच्या नावाचं पान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आईला तर नाहीच – कारण ज्या बाईबद्दल सांगायचं आहे, ती आईची लहानपणापासूनची मैत्रीण. दोघी कळंबच्या. आईला गावातच दिली, आणि शेवंतामावशी लग्न होऊन निमगाव केतकीला गेली. सख्खी नाही, पण माझ्या लेखी मावशी तीच.

माझं नाव अश्विनी. बारामतीत राहते, वेबसाइटचं काम करते. तुम्ही मोबाइलवर काही शोधता – दवाखाना, मंगल कार्यालय, ट्रॅक्टरचे सुटे भाग – आणि समोर नावांची रांग येते. त्या रांगेत आपल्या गिऱ्हाइकाला पुढं नेऊन उभं करायचं, हा माझा धंदा. लोक कोणते शब्द टाइप करतात ते बघायचं, ते शब्द पानावर जागच्या जागी पेरायचे, फोटो चांगले लावायचे, पान पटकन उघडेल असं करायचं. पुण्यात नोकरी करताना शिकले. लग्नानंतर इकडं आले आणि घरातल्याच एका खोलीत सुरू केलं. त्यात गैर काही नाही. आजही हेच करते.

मग एवढं लपवण्यासारखं काय आहे? सांगते. जरा वळसा घालून येते, कारण सरळ लिहायला बसले की मावशीच्या दत्ताचं नाव आलं तिथं थांबते.

शेवंतामावशीची नर्सरी होती. डाळिंबाची रोपं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि दिराचा मुलगा दत्ता तिनं लहानाचा मोठा केला. नर्सरी म्हणजे ही दोघं आणि कामाला येणाऱ्या चार बायका. मावशी झाडं स्वतः निवडायची. ज्या बागेत रोग दिसला त्या बागेची काडी – रोप करायला कापलेली फांदी – ती आणायची नाही, मग मालक जवळचा का असेना. रोप तयार नसेल तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, "आज न्हाय. पुढच्या महिन्यात ये." त्यामुळं तिचं नाव होतं. सांगोला, करमाळा, पार विजापूरपर्यंत. पाटीसुद्धा लावलेली नव्हती. एसटीतून निमगावला उतरून कुणालाही विचारावं – शेवंताबाईची नर्सरी कुठं?

एकदा आईला घेऊन मी तिच्याकडं गेले होते. चहा पिता पिता ती म्हणाली, "अश्वे, तू एवढ्या लोकांचं करतीस, माझंबी एक काढ की नेटवर. दत्त्या मागं लागलाय कवाचा." मी म्हटलं, काढते. त्याच दिवशी शेडनेटमध्ये, रोपांच्या जाळीदार मांडवात, जाऊन फोटो काढले. मावशी गुटी बांधत होती – म्हणजे झाडाच्या फांदीची साल थोडी सोलून त्यावर ओलं शेवाळ गुंडाळायचं, मुळ्या फुटल्या की तेवढं कापून नवं रोप करायचं. तिच्या हातांचे फोटो काढले, रोपांच्या रांगांचे काढले. कोणती जात कुठल्या जमिनीला चालते, लावताना काय बघायचं, हे तिला बोलतं करून मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं. दत्ता खूश. मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. "ताई, कधी हुईल?" मी म्हटलं, या महिन्यात.

त्या महिन्यात झालं नाही. पुढच्याही नाही. फुकटचं काम होतं – अशी कामं मागं पडतात. हे मी कारण म्हणून सांगत नाही, झालं तसं सांगते आहे.

मग संपतराव आले. बारामतीहून इंदापूरला जाताना रस्त्याला लागून त्यांनी नवी नर्सरी टाकली होती. मोठी कमान, गाड्या लावायला जागा. रोपं स्वतः करत नव्हते, बाहेरून आणून विकत होते. पैसे देणारं गिऱ्हाईक होतं आणि घाईत होतं. म्हणाले, "म्याडम, डाळिंबाची रोपं म्हणलं की आपलंच नाव आलं पायजे. बाकी तुमचं तुमी बघा."

मी बघितलं. या भागात रोपांसाठी लोक काय टाइप करतात ते काढलं. 'डाळिंब रोपे', 'भगवा डाळिंब नर्सरी' – हे होतंच. पण त्याच्या बरोबरीनं, काही महिन्यांत तर त्याहून जास्त, लोक एकच शोधत होते. शेवंताबाई नर्सरी निमगाव. शेवंताबाई डाळिंब रोपे फोन नंबर. नाव चुकवून, अर्धवट लिहून, मराठीत, इंग्रजीत. एवढे लोक तिला शोधत होते आणि त्यांना काहीच सापडत नव्हतं. कारण तिचं पानच नव्हतं. मी ते काढलंच नव्हतं.

आमच्या धंद्यात अशी जागा दिसली की अंगात येतं. रिकामी जागा, शोधणारे भरपूर, समोर कुणी नाही. मी संपतरावांच्या वेबसाइटवर एक नवीन पान केलं. वर नाव दिलं – शेवंताबाई नर्सरी, निमगाव केतकी, खात्रीची डाळिंब रोपे. खाली मावशीनं सांगितलेली माहिती, जवळजवळ तिच्याच शब्दांत. तिच्या हातांचे फोटो. आणि फोन नंबर संपतरावांचा. मोबाइलवरच्या नकाशावर तिच्या नर्सरीची खूण कुणा गिऱ्हाइकानं कधीतरी टाकून ठेवली होती. तिथंही मी तोच नंबर घातला.

संपतरावांनी हे सुचवलं का? नाही. त्यांना त्यातलं कळतही नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं, की फोन वाजायला लागला आहे. लोक विचारायचे, शेवंताबाईंची नर्सरी का? – आणि फोनवरचा पोरगा म्हणायचा, व्हय व्हय, तीच, या तुमी. ते मला नंतर कळलं, असंही म्हणता येणार नाही. त्या नावाखाली तो नंबर मीच लिहिला होता. दुसरं काय होणार होतं?

तेव्हा मला काय वाटलं, ते खरं सांगू? बरं वाटलं. पान वर चढताना बघून रोज बरं वाटायचं. मावशीचं काय नुकसान आहे, असं मी स्वतःला सांगितलं – तिच्याकडं येणारे येतातच, हे तर नेटवर शोधणारे लांबचे लोक. आणि तिचं पान काढायचंच आहे की. ते काढलं की हे बंद करू.

वर्ष उलटून गेलं. एके दिवशी सकाळी मावशीचा फोन आला. "अश्वे, जरा येतीस का? नेटवर माझ्या नावानं कायतरी चाललंय. तुला कळंल." आवाज नेहमीसारखा नव्हता. मला तिथंच समजलं. स्कूटी काढली आणि निघाले. निमगावपर्यंतच्या रस्त्यात सांगून टाकायला वेळ भरपूर होता – म्हणजे मनाची तयारी करायला. मी तयारी केली ती वेगळीच.

त्या दिवशी निमगावचा बाजार होता. नर्सरीच्या फाटकासमोर वाळलेल्या रोपांचा ढीग पडला होता, पिशव्यांसकट. बाजाराला निघालेली माणसं थांबून बघत होती. सांगोल्याकडचं एक जोडपं पिकअप भरून ती रोपं घेऊन आलं होतं. निम्मी जळाली होती आणि उरलेल्यांवर तेल्या दिसत होता. तेल्या म्हणजे डाळिंबावरचे काळे तेलकट डाग – एकदा बागेत आला की तो नुसत्या त्या झाडापुरता राहत नाही. त्यांच्या जुन्या बागेतही शिरला होता. ती बाई फाटकातूनच ओरडत आत आली होती म्हणे – "शेवंताबाई कोन हाय? नाव मोठं आन् माल असला?" मी पोचले तेव्हा ते ओरडणं संपलं होतं. मावशीनं त्यांना बसवलं होतं, पाणी दिलं होतं. ही रोपं माझी नाहीत, माझ्या पिशवीचा रंगच वेगळा, हे तिनं त्यांना पटवलं होतं. आता ती बाई नुसती बसून होती, पदरानं तोंड पुसत. नवरा म्हणत होता, "आमी तुमच्याच नावावर घेतली ओ. फोनवर इचारून घेतली."

मावशीनं त्याचा मोबाइल माझ्या हातात दिला. माझं पान. मी ते अनोळखी असल्यासारखं खालीवर केलं.

"ह्ये हात माझं हायती," मावशी म्हणाली. "ही बांगडी बघ. ह्यो फोटू आपल्या शेडनेटमधला हाय. कुणी दिला त्या नर्सरीवाल्यांला?" मग थांबून तिनं विचारलं, "तूबी काढलं व्हतंस ना गं फोटू?"

त्यात संशय नव्हता. तिला नुसतं आठवलं होतं. आणि मी म्हणाले, "माझे गेले गं मावशी. फोन बिघडला तेव्हा सगळे गेले. म्हणून तर तुझं पान राहिलं."

इथंच थांबले असते तर? तर मी एक खोटं बोलणारी बाई एवढंच राहिले असते. पण दत्ता तिथं उभा होता.

दत्ता रोज फोटो काढायचा. गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, स्टेटसला ठेवायचा. सगळ्या निमगावला ते माहीत होतं. आणि त्याच सुमाराला त्याचं आणि मावशीचं वाजलं होतं – त्याला नर्सरी वाढवायची होती, तिला नको होती. मावशीनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. तो एकदम म्हणाला, "काकू, माझ्याकडं काय बघतीस? मी न्हाय."

"मग आतला फोटू बाहीर गेला कसा?"

"मला काय म्हाईत! मी गिऱ्हाइकाला पाठीवतो, आसल्यांला कशाला दीन? ह्या ताईंला इचार की. त्यांचं कामच त्ये हाय. त्या सांगत्याल मी न्हाय म्हणून."

त्यानं मला साक्षीला घेतलं. मावशी माझ्याकडं वळली. ती सांगोल्याची बाईही बघत होती.

मी म्हणाले, "नेटवर कुणी टाकलं ते शोधून काढणं अवघड असतं, मावशी. पण फोटो आतल्याच माणसानं काढलेत, एवढं नक्की."

त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. तेच माझ्या मनातून जात नाही. घाबरून काहीतरी तोंडातून निघालं, असं म्हणता येत नाही. मी ते नीट जुळवून बोलले. कोणते शब्द कुठं ठेवले की माणूस कुठं वळतो, हे मला येतं. तेच मी रोज करते.

दत्ता मान खाली घालून फाटकाकडं गेला आणि ती वाळलेली रोपं उचलून पिकअपमध्ये परत भरायला लागला. मला वाटतं, त्याला वाटलं असावं की ताई शिकलेल्या आहेत, त्यांना कळतं, आणि त्यांनाही तसंच वाटतंय – म्हणजे आता बोलून उपयोग नाही. हे माझं वाटणं. त्याला मी कधी विचारलेलं नाही.

परत येताना रस्त्याच्या कडेला एका चिंचेखाली स्कूटी लावली आणि मोबाइलवरूनच ते पान काढून टाकलं. नकाशावरचा नंबरही काढला. फोटो पुसले, माहिती पुसली. वाटलं, निस्तरलं. नंतर लक्षात आलं, की ते पान कुणी केलं हे शोधायला लागणारी खूणही मी त्या चिंचेखाली पुसून टाकली होती. नंतर लक्षात आलं? – की आधीच होतं? मला खरंच सांगता येत नाही. संपतरावांना म्हटलं, सर्चचे नियम बदललेत, आता तसं पान चालत नाही. ते म्हणाले, बरं. ते पान कुणी केलं, हे विचारायला त्यांच्याकडं कुणी गेलं नाही; मावशीच्या मनात उत्तर ठरलेलं होतं.

चार-आठ दिवसांत दत्ता घर सोडून इंदापूरला गेला. भांडण मोठं झालं नाही म्हणे. मावशीनं त्याला ताट वाढलं, तो जेवला, आणि पिशवी घेऊन निघाला. तिनं अडवलं नाही. पुढं त्याचं लग्न ठरलं. कुणाकरवी तरी पत्रिका आली. मावशी गेली नाही. त्या दिवशी मी तिच्याकडंच होते, कारण तिचं पान मी अखेर करत होते – खरं, तिच्या नंबराचं. ती सकाळपासून शेडनेटमध्ये होती. दुपारी बाहेर आली आणि विचारलं, "अक्षता पडल्या आसतील ना आता?" मी घड्याळ बघून हो म्हटलं. ती हातपाय धुवायला गेली.

पान चांगलं झालं. महिन्याभरात सगळ्यात वर आलं. मावशी येईल त्याला सांगायची, "ह्या पोरीमुळं माझं नाव वाचलं." फोन येत राहिले, पण गुटी बांधायला मावशीचे दोनच हात. बायका होत्या, पण कुठली काडी घ्यायची आणि कुठली नाही, हे बघणारा दत्ता नव्हता, आणि मावशीचे गुडघे बागांतून फिरू देईनात. तिनं दुसरा माणूस ठेवून बघितला. त्यानं एका बागेतली काडी न बघता आणली, तर तिनं ती सगळी जाळली आणि त्याला काढून टाकलं. मग हळूहळू रोपंच कमी केली. एके दिवशी मला म्हणाली, "नेटवर टाक, बंद केली म्हणून. लोक उगं लांबनं येत्यात." मी टाकलं. शेडनेट उतरवली, लोखंड विकलं. जमीन शेजाऱ्यानं कसायला घेतली आहे. तिथं आता ऊस आहे.

दत्ता मला भेटला तो इंदापूरच्या स्टँडवर. दुसऱ्या कुणाच्या नर्सरीचा टेम्पो चालवतो. मला बघून लगबगीनं आला, नको म्हणत असताना चहा सांगितला. बायको, मुलगी, सगळं सांगितलं. मग विचारलं, "काकूचं गुडघं कसं हायती?" मी सांगितलं. तो म्हणाला, "तुमी जाताय तिच्याकडं, बरं हाय. तिला कुनीतरी पायजे."

जाताना टेम्पोचं दार उघडून परत थांबला. "ताई, एक इचारू? त्ये पान कुनी टाकलं व्हतं, त्ये आता काढता येईल का वो नेटवरनं? म्हंजी नुसतं काकूला दाखवायला. दुसरं काय न्हाय."

मी म्हणाले, "जुनं झालं रे दत्ता. आता निघायचं नाही."

"न्हाय निघत? बरं." असं म्हणून तो गेला.

म्हणजे मी एकदा नाही, पुन्हा पुन्हा माझं केलेलं नाकारलं. पहिल्या वेळी घाबरले होते म्हणा. स्टँडवर कशाची भीती होती? दत्तानं काय केलं असतं मला? काहीच नाही. मला फक्त तो चहा पाजणारा दत्ता तसाच हवा होता, आणि दर सणाला फोन करणारी मावशी तशीच हवी होती. त्यासाठी त्या दोघांना एकमेकांपासून लांब ठेवायला माझी हरकत नव्हती. याला भित्रेपणा म्हणतात की दुसरं काही, मला माहीत नाही. मी करत होते, एवढं माहीत आहे.

मावशी आता निमगावात घरीच असते. मी महिन्यातून एकदा जाते, औषधं नेऊन देते. दत्ताचा विषय मी काढत नाही, ती काढते. मागल्या खेपेला म्हणाली, "लेकराला काय कमी केलं व्हतं मी?" मी तिच्या गोळ्या डबीत भरत होते. भरत राहिले.

निमगावात विचारलंत तर लोक आजही सांगतील, शेवंताबाईला पुतण्यानं फसवलं, तिचं नाव विकलं. ते खरं नाही. ते फोटो मी काढले होते, ते पान मी केलं होतं, आणि तो समोर उभा असताना ते त्याच्यावर मी ढकललं.